तांब्यावरची साय

गेनू ओव्हाळ रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी डायनॅमोचे झाकण उघडत, दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि वाकून आत बघत. हात पाठीमागे बांधण्यात त्यांचा एक हिशेब होता. चुकून बोट लागू नये, एवढाच. मिनिटभर बघून झाले की ते झाकण लावत आणि कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणत, "बसलीया ब्येस." मग हँडल मारत.

भोरला आमच्या खात्याचे चार्जिंग सेंटर होते. गावोगावच्या पंचायतींना सरकारने रेडिओ दिले होते, पण वेल्ह्याकडच्या बहुतेक गावांत तेव्हा वीज नव्हती. ते रेडिओ बॅटरीवर चालत. महिन्यातून दोनदा आमचा टेम्पो भरलेल्या बॅटऱ्या घेऊन जाई आणि संपलेल्या परत आणी. लोक आमच्या कचेरीला 'बाटरी ऑफिस' म्हणत. तिथे मी कारकून आणि भांडारपाल म्हणून रुजू झालो, तेव्हा ओव्हाळांना तिथे सात वर्षे झाली होती. हुद्दा अटेंडंट, पण हंगामी. दर सहा महिन्यांनी एक दिवस खंड देऊन पुन्हा कामावर घ्यायचे, अशी रीत होती. त्यांची एकच इच्छा होती: कायम होणे. त्यांनी ती कधी लपवली नाही. टेम्पोचा ड्रायव्हर हाक मारी, "काय गेनबा, झाला का कायम?" ते म्हणत, "आधी मरतो का कायम हुतो, बघायचं. दोन्हीत एकदाच हुकूम निघतो."

मी याद्या करणारा माणूस आहे. आजही माझ्या खिशात एक यादी असते. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी साप्ताहिक साफसफाईची चौदा कलमांची यादी केली, खाली कार्बन पेपर घालून. वरची प्रत ओव्हाळांना दिली, खालची फायलीत लावली. त्यांनी ती ओळीवर बोट फिरवत सावकाश वाचली आणि नवव्या कलमावर बोट थांबवले. 'डायनॅमोचे तांबे घासून चकचकीत करणे.'

"येवडं काडा, भाऊसाहेब."

"का? सगळ्यात घाण तेच दिसते."

"घान न्हाई ती. साय हाय. या, दावतो."

त्यांनी झाकण उघडले. डायनॅमोच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचे एक गोल कडे असते. ते गरगर फिरते आणि त्याच्यावर कार्बनचे चार ठोकळे टेकून वीज उचलून घेतात. कडे तांब्याचे होते हे सांगूनच कळले असते. त्याचा रंग चिंचोक्यासारखा होता, गडद तपकिरी आणि वर एक मऊ चकाकी. मला ते न घासलेले भांडे वाटले.

"तुमची पेन्सील द्या," ते म्हणाले. त्यांनी माझ्या पेन्सिलीचे टोक अंगठ्यावर घासले. अंगठा राखाडी, गुळगुळीत झाला. "ह्ये कार्बन म्हंजी ह्येच. तुमच्या पेन्सिलीतलं. फिरता फिरता जरा जरा तांब्याला लागतंय, तांबं बी जरा काळवंडतंय, आन दोगांची मिळून साय धरती. ती हाय तवर कार्बन बी झिजत न्हाई आन तांबं बी. ती काडली का दोगं बी एकामेकाला खात्यात."

"आणि पुन्हा धरायला किती दिवस?"

"दूध ढवळत बसलं तर धरती का साय? मंद आचंवर ठिवायचं. चार-पाच बाटऱ्या लावायच्या, जास्ती न्हाई. तीन दिस. मग कितीबी वढा."

मी ते मान्य केले. नवव्या कलमावर त्यांच्याच हातातली पेन्सील घेऊन आडवी रेघ मारली. फायलीतल्या कार्बन प्रतीवर मात्र मारली नाही. उठून कपाटापर्यंत जावे लागले असते.

ते हे कुठे शिकले, असे मी विचारले होते. लढाईच्या काळात ते लष्करी गाड्यांच्या बॅटऱ्यांवर हमाल होते. तिथल्या एका मिस्त्रीने त्यांना उचलायच्या कामावरून बघायच्या कामावर घेतले. पुस्तक त्यांनी पाहिलेले नव्हते, पण नवी बॅटरी आली की तिची पहिली भरणी ते दीड-दोन दिवस सावकाश करत आणि ड्रायव्हरने घाई केली तर म्हणत, "पयल्या भरणीला जे बसतं तेच तिच्या जल्माला पुरतंय. आज माज्यामागं पळू नगंस." त्यांच्या सदऱ्याला अ‍ॅसिडने पडलेली भोके असत. घरी बायको ठिगळ लावायची सोडून देऊन म्हणे, आता भोकांनाच सदरा लावते.

सेंटरमध्ये पाण्याचे दोन माठ होते. एक सगळ्यांचा, एक ओव्हाळांचा. कुणी तसा नियम लिहिलेला नव्हता. माझ्या कोणत्याच यादीत ते कलम नव्हते. मी आलो तेव्हा तसे होते आणि मी तसेच राहू दिले. बॅटरीत घालायचे पाणी मात्र तेच गाळून घालत, बाकी कुणाला ते माप जमत नसे. एकदा आंबवड्याचे दोन पंच बॅटरी न्यायला आले. आंबवडे हे ओव्हाळांचेच गाव. त्यांतला एक माठाकडे गेला, चुकीच्या माठाजवळ थबकला आणि मागे सरला. ओव्हाळांनी त्याच्या हातात बॅटरी दिली. "घ्या जी. माजं पानी हिच्यातनं चालतंय. रेडिओ तर देवळाम्होरं वाजतोय न्हवं?" पंच हसला. हसल्यावर काय करायचे हे न कळून आणखी थोडे हसला.

दसऱ्याला ते दोन दिवसांची रजा घेत. धम्मदीक्षा घेतल्यापासून तो दिवस त्यांचा होता. आंबवड्याला त्यांच्या वस्तीत सगळे पांढरे कपडे घालून जमत. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही सेंटरमधल्या यंत्रांची पूजा करत असू. त्या पूजेत ते नसत, पण जाताना शिपाई रामभाऊंना बजावून जात, "हळद-कुंकू इंजनाला. हार बी इंजनाला. डायनामोचा डब्बा उगडायचा न्हाई." रामभाऊ मान डोलवत. अशी माझ्यासमोर तीन वर्षे गेली. कार्बनचे ठोकळे मी वर्षातून एकदाच मागवत असे, आणि वरिष्ठ कचेरीतून एकदा विचारणाही आली होती की तुमच्याकडे हे इतके कमी कसे लागतात. मी उत्तर दिले, 'काटकसर.' ओव्हाळांचे नाव घातले नाही. तशी पद्धत नव्हती.

चौथ्या वर्षी नवे साहेब आले. तरुण होते, कामसू होते, वाईट नव्हते. दसऱ्यानंतरच्या दिवशी पुण्याहून मोठे साहेब तपासणीला येणार असे पत्र आले. त्याच पत्रात आणखी एक ओळ होती: कायम करण्यास योग्य अशा हंगामी नोकरांची नावे पाहणीनंतर पाठवावीत. आमच्याकडे असा एकच माणूस होता. मी ती ओळ ओव्हाळांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचली. त्या दिवशी त्यांनी ड्रायव्हरला स्वतःच्या खिशातून चहा पाजला आणि संध्याकाळी रजेवर गेले.

ते गेल्यावर नव्या साहेबांनी मला सांगितले, सगळ्या याद्या सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहा आणि भिंतीवर लावा. माझे अक्षर चांगले आहे. मी फाईल काढली आणि साफसफाईची यादी उतरवली. वरची प्रत ओव्हाळांच्या खणात होती. माझ्यासमोर कार्बन प्रत होती. चौदाच्या चौदा कलमे मी मोठ्या अक्षरांत लिहिली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि चार खिळे ठोकून लावली.

रामभाऊंनी खंडेनवमीच्या सकाळी ती यादी वाचली. ते लिहिलेल्याचा मान राखणारे गृहस्थ होते. नऊ नंबरशी आले तेव्हा ते मला विचारायला आले. "भाऊसाहेब, गेनबा तर डब्बा उगडू नगा म्हनतोय. पर यादीत हाय."

मी दुसरे काही लिहीत होतो. म्हणालो, "यादीत आहे तसे करा."

रामभाऊंनी ते घरचे काम समजून केले. आधी पॉलिश पेपरने घासले. मग घरून चिंचेचा गोळा आणला आणि पूजेचा तांब्या घासावा तसे ते कडे चिंचेने घासले, कोरड्या फडक्याने पुसले, आणि वरून झेंडूचा हार घातला. मला बघायला बोलावले. तांबे असे झळकत होते की त्यात माझ्या चष्म्याची काडी दिसत होती. मी 'छान' म्हणालो आणि नऊ नंबरपुढे बरोबरची खूण केली. मला ओव्हाळांचा अंगठा आठवला नाही. आठवून मी गप्प बसलो असतो तर ते पाप झाले असते. मला आठवलेच नाही, आणि ते मला त्याहून वाईट वाटते.

दसऱ्यानंतरच्या सकाळी ओव्हाळ पहिल्या एसटीने आले. सदरा नवा होता, भोके नसलेला. त्यांनी झाकण उघडले, हात पाठीमागे बांधले आणि वाकले. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"साय कुनी काडली?"

रामभाऊ अभिमानाने पुढे झाले. "यादीत हाय म्हनून. बघ की गेनबा, मुखडा दिसतोय तुजा."

ओव्हाळ भिंतीशी गेले. नऊ नंबरवर बोट ठेवले. मग माझ्याकडे वळले. तेव्हा मला सगळे एकदम आठवले.

"भाऊसाहेब, ह्ये काडलं हुतं न्हवं आपुन?"

"काढले होते. उतरवताना राहिले."

"बरं," ते म्हणाले. एवढेच. मग ते साहेबांच्या खोलीत गेले. मी कागद घेऊन मागोमाग गेलो, कारण मला सही हवी होती. त्यामुळे तिथे जे बोलणे झाले ते मी स्वतः ऐकले.

"सायेब, तीन दिस द्या. चारच बाटऱ्या लावतो. साय धरू द्या."

"तीन दिवस? अकरा वाजता मोठे साहेब येताहेत. तिसाच्या तीस बॅटऱ्या लावलेल्या दिसल्या पाहिजेत. वेल्ह्याचा टेम्पो उद्या जायचाय."

"कार्बन टिकायचं न्हाई, सायेब. तांबं बी जळंल."

"ओव्हाळ, ते मशीन आहे की बाळंतीण?"

"बाळंतीनच समजा. अंगावर कातडी न्हाई तिच्या."

साहेब हसले. माझ्याकडे बघून हसले, म्हणून मीही हसलो. "पट्टा चढव," साहेब म्हणाले. ओव्हाळांनी इंजिनाचा पट्टा डायनॅमोवर चढवला.

अकरा वाजता मोठे साहेब आले. चकाकणारे तांबे बघून खूश झाले, 'देखभाल उत्तम' असे बोलले आणि जेवायला डाक बंगल्यावर गेले. ओव्हाळ डायनॅमोपासून हलले नाहीत. बारापर्यंत ठोकळ्यांखाली बारीक ठिणग्या दिसू लागल्या. एक वाजता त्या हिरव्या झाल्या आणि काळी भुकटी खाली सांडू लागली. ओव्हाळांनी दोनदा साहेबांना निरोप द्यायला रामभाऊंना पाठवले. साहेब डाक बंगल्यावर होते. दुपारी तीनच्या सुमारास कड्याभोवती आगीचे एक वेटोळे फिरले, फट्कन आवाज झाला आणि खोलीत जळका वास भरला. ओव्हाळांनी पट्टा पाडला. तांबे काळे पडले होते आणि त्यात खड्डे पडले होते. त्यांनी खाली बसून भुकटी चिमटीत उचलली, बोटांवर चोळली. पेन्सील चोळली होती तशीच.

वेल्ह्याच्या फेरीला बॅटऱ्या गेल्या नाहीत. विंझरचे सरपंच स्वतः भोरला आले आणि साहेबांच्या टेबलावर हात आपटून गेले. मग चौकशी लागली. मोठे साहेब पुन्हा आले.

चौकशीच्या दिवशी मी वेळेआधी आलो आणि भिंतीवरची यादी काढून घेतली. रामभाऊंनी बघितले. मी म्हणालो, "नवी प्रत करायची आहे." यादी निघाली. खिळे मात्र चारही भिंतीतच राहिले. पक्कड सापडली नाही.

जबान्या मीच लिहून घेत होतो. साहेबांनी सांगितले की अटेंडंटने यंत्र इतके काळे ठेवले होते की सणासाठी शिपायाला ते घासावे लागले, आणि पुन्हा चालवताना त्याने काळजी घेतली नाही. रामभाऊ म्हणाले, "सांगितलं तसं केलं." कुणी सांगितले, हे त्यांना कुणी विचारले नाही. मग मोठे साहेब ओव्हाळांकडे वळले.

"मशीन चालवू नये असे वाटत होते, तर सांगितले का नाहीस?"

"सांगितलं, सायेब. तीन दिस मागितलं. भाऊसाहेब हुते तितं."

मोठे साहेब माझ्याकडे बघू लागले. आमचे साहेब टेबलावरची टाचण्यांची डबी सरळ करू लागले.

"कारकून, अशी काही नोंद आहे?"

मी दैनंदिनी उघडली. पान उलटले, पुन्हा मागे उलटले. "नोंदीत नाही, साहेब."

ते खरे होते. त्यांनी नोंदीचे विचारले आणि मी नोंदीचे सांगितले. ऐकले होते का, असे त्यांनी विचारले नाही.

ओव्हाळ उघड्या दारातून समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथे चार खिळे होते. आता ते यादीचे बोलतील, असे धरून मी टाक हातात घट्ट धरला होता. यादी माझ्या खणात होती आणि खणाला कुलूप नव्हते.

"आणखी काही सांगायचे आहे?"

"न्हाई, सायेब."

हंगामी माणसाला काढायला कारण द्यावे लागत नाही. 'यापुढे आवश्यकता नाही' असा अडीच ओळींचा हुकूम आला. तो मीच त्यांना दिला आणि पोच घेतली. त्यांनी सही केली, हुकमाची घडी घातली आणि विचारले, "ह्यो कायमचा न्हवं?" रामभाऊ हसायला गेले आणि थांबले.

महिनाभराने ते कचेरीत आले. वरवे बुद्रुकजवळ एका छोट्या कारखान्यात मोटारींवर माणूस हवा होता. मागच्या जागेचा कागद मागत होते.

"दोन वळी लिवून द्या, भाऊसाहेब. लई न्हाई. गेनू ओव्हाळानं आदी सांगितलं हुतं, येवडंच."

"ते नोंदीत नाही ना, ओव्हाळ. मी कसे लिहू?"

"तुमी नोंदीत लिवतासा. तुमीच तर नोंद."

मी म्हणालो, साहेबांना विचारून बघतो. मी विचारले नाही. ते आणखी दोनदा आले. दुसऱ्यांदा मी त्यांना लांबून येताना पाहिले आणि भांडारात मोजणी करायला गेलो. त्या दिवशी मोजायचे काही नव्हते.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी कामासाठी विंझरला गेलो होतो. रस्त्याकडेच्या दोन दुकानांमध्ये पोते अंथरून ओव्हाळ बसले होते. बॅटऱ्या म्हणजे आता हातातल्या. टॉर्च दुरुस्त करून देत होते. संपलेले सेल फोडून आतल्या कार्बनच्या कांड्या काढून त्यांनी एका डब्यात उभ्या ठेवल्या होत्या. शाळेची पोरे येऊन एकेक मागून नेत आणि दगडांवर रेघोट्या ओढत. ओव्हाळ खूप बारीक झाले होते आणि बोलताना मध्येच खोकत होते. मला बघून त्यांनी पोत्यावर जागा केली.

मी बराच वेळ इकडचे तिकडचे बोललो. सांगितले की डायनॅमो दुरुस्त करून आणला, पण नवा अटेंडंट दर आठवड्याला तांबे घासतो आणि मला दर महिन्याला कार्बन मागवावे लागतात. ते म्हणाले, "घासू द्या. यादीत आसंल." मग मी विचारले, जे मला इतके दिवस विचारायचे होते.

"यादीचे तुम्ही का नाही बोललात?"

त्यांनी टॉर्चची काच फडक्याने पुसली, डोळ्यासमोर धरली. "बोललो आसतो तर तुमी काय म्हनला आसता?"

मी डब्यातली एक कार्बनची कांडी उचलली आणि परत ठेवली.

"तेच," ते म्हणाले. "मला तुमचं तोंड बघायचं न्हवतं, त्ये म्हनताना."

निघताना मी चहा घेऊ या म्हणालो. ते म्हणाले, "हितला हाटेलवाला मला बाहेर कपबशी देतोय. तुमी आत बसा, पिऊन या, म्या हाय हितंच." मी एसटीची वेळ झाली असे सांगितले. एसटीला अजून तासभर होता. मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. टेम्पोच्या ड्रायव्हरने सांगितले. सांगून झाल्यावर तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी त्याच्या फेरीच्या गावांची यादी पुढे केली, आणि ती घेऊन तो निघून गेला.

हळूहळू गावांत वीज आली, लोकांच्या हातांत ट्रान्झिस्टर आले आणि आमचे सेंटर बंद करायचे ठरले. मागच्या महिन्यात मी सामानाची शेवटची यादी केली. डायनॅमो एक, नादुरुस्त. बाके सहा. माठ दोन. ओव्हाळांचा खण कुणी उघडलाच नव्हता. त्यात बॅटरीतले अ‍ॅसिड तपासायचा एक फुटका हायड्रोमीटर होता आणि घडी घातलेला एक कागद: माझी पहिली यादी, चौदा कलमांची, वरची प्रत. नवव्या कलमावर पेन्सिलीची आडवी रेघ होती. इतक्या वर्षांनी शाई फिकी झाली आहे, रेघ तशीच आहे, प्रकाशात धरली की चकाकते.

ही रेघ कुणी पुसली नव्हती. मी फक्त ती उतरवली नव्हती.

सामानाच्या यादीत त्या कागदाला जागा नव्हती, म्हणून तो घरी आणला आणि हे लिहायला बसलो. गेनू ओव्हाळांनी आधी सांगितले होते. तीन दिवस मागितले होते. मी तिथे होतो, मी ऐकले होते. त्यांनी मागितलेल्या दोन ओळी त्या ह्या. आता त्या घेऊन जायला कुणी येणार नाही, म्हणूनच मला त्या लिहिता आल्या.